फोन मोटारीजवळ धरा

कोल्हारच्या स्टँडवरून प्रवरेच्या पुलाकडे निघालं, की टायरवाल्याच्या पुढं एक अंधारं दुकान लागतं. वर 'त्रिभुवन मोटार वायंडिंग' अशी पाटी आहे, पण पाटी वाचून आलेलं गिऱ्हाईक अजून कुणी पाहिलेलं नाही. लोक येतात ते अब्राहामचा नंबर तोंडपाठ असतो म्हणून. पाण्याची मोटार बंद पडली, की पंचक्रोशीतला माणूस आधी त्याला फोन लावतो आणि मग बायकोला सांगतो.

"अब्राहामभाऊ, मोटार पानी उचलंना!" सकाळी सकाळी गोरक्षचा रडवेला आवाज.

"चालू हाय का?"

"चालू हाय, पन—"

"पन राहू दे. फोन मोटारीजवळ धर."

गोरक्ष फोन धरतो. इकडे अब्राहाम हातातला चहा खाली ठेवतो, डोळे मिटतो आणि मान किंचित वाकडी करून ऐकतो. अशा वेळी त्याच्याशी बोलायची परवानगी कुणालाच नाही, चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही. मग डोळे उघडून तो निकाल देतो, "बेअरिंग चांगलंय. खाली व्हॉल्व्हमधी काय तरी अडकलंय. पाईप वर घे." अर्ध्या तासानं गोरक्षचा परत फोन. बेडूक निघाला.

छप्पन्न वर्षांचा हा माणूस दिसायला काही खास नाही. बोटांना तांब्याच्या तारेचे चरे, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि जिभेवर तीन नियम. मोटार कुठलीही घ्या, पण बंद पडल्यावर फोन कोण उचलतो ते आधी बघा. चालवून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. आणि चालवायच्या आधी मोटारीवरची पट्टी वाचा, तिच्यात काय करता येतं आणि काय नाही ते सगळं लिहिलेलं असतं. हे तीन नियम त्यानं इतक्या लोकांना ऐकवले आहेत, की त्याची बायको लिडिया ते ऐकता ऐकता भांडी घासून मोकळी होते. "जगाच्या मोटारी फोनवर दुरुस्त होतात," ती म्हणते, "आणि माझा मिक्सर जानेवारीपासून बंद हाय. त्याच्याजवळ धरू का फोन?"

अशा या माणसाच्या डोक्यात यंदा गाणं रेकॉर्ड करायचं खूळ शिरलं, त्याचं कारण त्याची आत्या, लंकाबाई.

लंकाबाई चौऱ्याऐंशीची. तिचं सगळं आयुष्य खर्ड्याकडच्या खेड्यांत गेलं. तिचे यजमान छगनमामा आणि ती, दोघं लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत गावोगाव फिरून येशूच्या दुःखसहनाचं गाणं म्हणायचे. मामा वारले तेव्हा अब्राहाम तिला कोल्हारला घेऊन आला, त्याला आठ वर्षं झाली. दर गुड फ्रायडेला ती देवळात दाराजवळच्या बाकापाशी उभी राहून ते गाणं एकटी म्हणते. सोळा कडव्यांचं आहे. शब्द कुठल्याच पुस्तकात नाहीत आणि चाल तर तिच्याशिवाय कुणाच्याच गळ्यात नाही. हे गाणं सुरू झालं, की रडणारी पोरंसुद्धा गप्प होतात.

आता तिची लेक तिला कायमची सुरतेला घेऊन जाणार होती. ईस्टर झाला की निघायचं, तिकिटं निघाली होती. आत्या गेली की गाणंही गेलं. हा विचार अब्राहामच्या मनातून हलेना. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची बंद पडलेली चीज चालू करून दिली, आणि स्वतःच्या घरातली एवढी मोठी चीज डोळ्यांसमोर कायमची बंद पडणार होती.

"मोबाईलवर घ्या की," लिडिया म्हणाली.

घेऊन बघितलं होतं, मागच्या गुड फ्रायडेला. त्यात पंखा होता, खोकला होता, कुणाच्या तरी चपला होत्या, आणि या सगळ्यांच्या मागं कुठंतरी लंकाबाई होती. आवाज ऐकून मोटारीच्या पोटातलं सांगणाऱ्या माणसाला हे कसं चालावं?

त्यात आत्याच्या अटी. तिनं कपाळावरचा पदर सारखा करत स्पष्ट सांगितलं, "घरी म्हनीन, पन लेंटमधल्या शुक्रवारीच. आन् एकदाच म्हनीन. ही प्रार्थना हाय, अब्राहाम. थांबा, परत म्हना, असलं चालायचं न्हाई. देवाला काय आपुन चाचनी देतो व्हय?"

एकदाच! म्हणजे रेकॉर्डिंगला दुसरी संधी नाही. अब्राहामनं मान डोलावली आणि त्याच दिवशी पुण्यात नर्स असलेल्या ग्रेसला, आपल्या लेकीला, फोन लावला. गाणं रेकॉर्ड करायचं सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं? ग्रेसनं चौकशी करून तीन नावं पाठवली, आणि आपला जुना लॅपटॉपही एसटीच्या पार्सलनं पाठवून दिला. लॅपटॉप चांगला होता, फक्त त्याची बॅटरी मेलेली. चार्जर काढला की जागेवर बंद.

तिन्ही सॉफ्टवेअर चालवून बघायला फुकट मिळत होती. अब्राहामनं तिन्ही उतरवून घेतली, पण कशात काय सोयी आहेत हे न बघता त्यानं पहिला नियम लावला. बंद पडल्यावर फोन कोण उचलतो?

यासाठी त्यानं एक लबाडी केली. लॅपटॉपच्या वायरीचं अर्थिंग मुद्दाम काढून ठेवलं. त्यामुळं रेकॉर्डिंगमध्ये बारीक 'गुंऽऽ' येऊ लागली. उत्तर त्याला ठाऊकच होतं. मग तिन्ही कंपन्यांना त्यानं एकच तक्रार केली, आवाजात गुंई येते, काय करू?

पहिली कंपनी परदेशातली, मोठी. फोन नाहीच, ईमेलनं पत्र लिहायचं. ग्रेसकडून इंग्रजीत लिहून घेतलं. लगेच उत्तर आलं, की तुमचं पत्र आमच्यासाठी फार मोलाचं आहे, आणि हा घ्या तुमचा तक्रार नंबर. चार दिवसांनी दुसरं उत्तर आलं, की आपण कॉम्प्युटर बंद करून चालू केला का? अब्राहाम खूश झाला. "हे तर आमच्या धंद्यातलं वाक्य हाय," तो म्हणाला.

दुसरं सॉफ्टवेअर कायमचंच फुकट, त्यामुळं त्याला मालक नव्हता. इंटरनेटवर लोक एकमेकांना विचारतात. तिथं एका परक्या देशातल्या भल्या माणसानं पानभर उत्तर लिहिलं, बरोबर लिहिलं, पण त्याच्याखाली सहाजणांनी तो माणूस मूर्ख आहे असं लिहिलं आणि त्यांची आपसात जुंपली. अब्राहामची गुंई बाजूलाच राहिली.

तिसरी कंपनी पुण्याची, लहान. तिथं फोन लागला. आधी एक टेपवरची बाई बोलली, "सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी आपला कॉल रेकॉर्ड केला जात आहे."

"कर बाई, कर," अब्राहाम म्हणाला. मग खरी बाई आली. नाव निवेदिता. अब्राहामनं तक्रार सांगितली. ती म्हणाली, "सर, जरा ऐकवता का? फोन स्पीकरजवळ धरा."

अब्राहाम खुर्चीतून उठलाच. तीस वर्षं जे वाक्य तो लोकांना सांगत आला होता, ते पहिल्यांदाच त्याला कुणीतरी सांगत होतं! त्यानं फोन धरला. पलीकडे शांतता. ती नक्की डोळे मिटून ऐकत असणार, याची त्याला खात्री वाटली.

"सर, एक विचारू? रागावू नका. अर्थिंग तुम्ही स्वतः काढून ठेवलंय का?"

"तुमाला कसं कळलं?"

"तीन मिनिटांत चारदा वायंडिंग, फेज, न्यूट्रल म्हणालात. एवढं कळणाऱ्या माणसाला अर्थिंग नाही हे कळणार नाही, असं कसं होईल?"

अब्राहाम पुढं दोन दिवस हे लिडियाला सांगत होता. चोरी पकडली गेल्याचा असा आनंद झालेला माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

आता कुणालाही वाटेल, की निवड झाली. पण अब्राहामची एक जुनी खोड होती. बेअरिंग घ्यायचं तर तो इंपोर्टेड घ्यायचा. तिन्हीत थोडं थोडं रेकॉर्ड करून त्यानं कान लावला आणि त्याला परदेशी सॉफ्टवेअरचा आवाज जरा जास्त भरीव वाटला. खरं तर तिन्हीत माईक तोच, लॅपटॉप तोच, आवाजही तोच होता. पण वाटलं त्याला. पुण्याचं सॉफ्टवेअर त्यानं दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवलं आणि आत्याच्या गाण्यासाठी परदेशी पक्कं केलं. पैसे मात्र भरले नाहीत. चालवून बघितल्याशिवाय विकत घ्यायचं नाही, हा नियमच होता.

गुड फ्रायडेला दोन आठवडे होते, त्या शुक्रवारी सकाळी घर सज्ज झालं. अर्थिंग परत जोडलेलं, पंखे बंद, फ्रिज बंद, कोंबड्या शेजारी. दाराच्या कडीला लिडियानं फडकं गुंडाळलं. लंकाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून खुर्चीवर बसली, तिनं प्रार्थना केली, आणि माईककडे ढुंकूनही न बघता गाणं उचललं.

"हळू चाल वाटे, हळू चाल गं, ओझं त्याचं जड…"

काय आवाज होता! थोडा फाटलेला, पण फक्त कडेला. मध्ये अजून सरळ आणि खणखणीत. चालत्या माणसाच्या पावलासारखी ती चाल पडत होती. प्रत्येक कडवं संपलं की ती गप्प बसायची, चांगली सात-आठ सेकंदं, आणि मग पुढचं उचलायची. वय झालं, दम लागतो, अब्राहामच्या मनात आलं. या मोकळ्या जागा नंतर कापून टाकू, असंही त्यानं ठरवलं. तेवीस मिनिटांनी ती 'आमेन' म्हणाली. लिडियानं डोळे पुसले.

अब्राहामनं वाजवून बघितलं. सुरेख आलं होतं. मग त्यानं जपून ठेवायचं बटण दाबलं.

पडद्यावर एक चौकोन उघडला. अब्राहामनं तो हळूहळू वाचला. चाचणीच्या प्रतीत रेकॉर्डिंग जतन करता येणार नाही.

त्यानं परत दाबलं. परत तेच. चाचण्या घेताना त्यानं नुसती गुंई रेकॉर्ड केली होती, ऐकली होती आणि बंद केली होती. गुंई कोण जपून ठेवतो? पट्टी वाचा म्हणून गावाला सांगणाऱ्या माणसानं पट्टीच वाचली नव्हती. गाणं त्या उघड्या पडद्यात होतं आणि दुसरीकडे कुठंच नव्हतं. लॅपटॉप बंद झाला की संपलं. आणि तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरनं 'टिक्' करून भार घेतला, म्हणून पडदा तेवढा उजळ राहिला.

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"काय न्हाई," अब्राहाम म्हणाला. एवढं वाईट खोटं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

पत्र लिहायला वेळ नव्हता. त्याचं बोट आपोआप पुण्याच्या नंबरावर गेलं. टेपवरची बाई तिचं वाक्य बोलली, आणि मग निवेदिता आली. अब्राहामनं सगळं सांगून टाकलं, सॉफ्टवेअर तुमचं नाही, दुसऱ्याचं आहे, हेसुद्धा. आता ही म्हणणार, की ज्यांचं आहे त्यांना विचारा. तिनं तसं म्हटलं असतं तरी त्याला वाईट वाटलं नसतं.

"काहीही बंद करू नका," निवेदिता म्हणाली. "विकत घेतलंत तरी ते बंद करून परत उघडावं लागेल, तेव्हा तो मार्ग सोडा. वाजवलं की ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग गेलेलं नाही. दुसरा कॉम्प्युटर आहे? त्यात आमचं टाकलंय का? आमच्या चाचणीच्या प्रतीत जतन होतं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून त्याच्यात द्यायची, इकडे वाजवायचं, तिकडे भरून घ्यायचं. फक्त वायर लागेल."

"वायर!" अब्राहामच्या जिवात जीव आला. वायरीला तो भिणार होता? लॅपटॉप हलवणं शक्य नव्हतं, म्हणून घराला लागूनच असलेल्या दुकानातला कॉम्प्युटर उचलून घरात आला, अब्राहामच्या एका हातावर डबा आणि लिडियाच्या काखेत पडदा. गॅसवर तापवलेल्या सोल्डरिंगच्या डागणीनं त्यानं पाच मिनिटांत दोन टोकांना दोन पिना जोडल्या. अर्थिंग दोनदा तपासलं.

"आता मोठ्या कॉम्प्युटरचे स्पीकर चालू ठेवा," निवेदिता म्हणाली, "आणि फोन त्यांच्याजवळ ठेवा. आवाज फाटायला लागला तर मी लगेच सांगते. तेवीस मिनिटं ना? मी आहे लाईनवर."

"दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरसाठी?"

"सर, मोटार कुणाच्या दुकानातली ते तुम्ही विचारता का?"

नव्हता विचारत. अब्राहामनं फोन स्पीकरला टेकवून ठेवला आणि गाणं सुरू केलं.

लंकाबाई अजून त्याच खुर्चीवर बसली होती. तिनं आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. "ही मी?" तिनं लिडियाला खुणेनं विचारलं. पहिलं कडवं संपलं. ती मोकळी जागा आली. आणि त्या मोकळ्या जागेत, खालच्या पट्टीत, लंकाबाई सावकाश म्हणाली,

"टोक मी धरतो, देवा, टोक मी धरतो."

बरोबर आठ सेकंद. ओळ संपली आणि स्पीकरमधल्या लंकाबाईनं दुसरं कडवं उचललं. एका श्वासाचाही फरक पडला नाही.

अब्राहामच्या आता लक्षात आलं. तो दम नव्हता. ती छगनमामांची जागा होती. पुढं बाई कडवं म्हणते, मागं उभा राहिलेला माणूस झील धरतो. वाटेत येशूच्या खांद्यावरच्या वधस्तंभाचं, क्रुसाचं, टोक उचलणाऱ्या शिमोनाची ओळ, ती मामांची. पुढं म्हणणाऱ्यानं झील म्हणायची नसते, म्हणून आठ वर्षं तिनं ती म्हटली नव्हती. दुसरं कुणी यावं म्हणून सांगितलंही नव्हतं. नुसती जागा सोडत होती. आणि अब्राहाम ती जागा कापून टाकायला निघाला होता! त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मान खाली जाण्याइतकी.

सोळाच्या सोळा वेळा तिनं झील धरली. शेवटी दोघी लंकाबाई मिळून 'आमेन' म्हणाल्या. मोठ्या कॉम्प्युटरवर अब्राहामनं जपून ठेवायचं बटण दाबलं, आणि या वेळी ते जपून ठेवलं गेलं.

पण वायरीतून आलं होतं ते फक्त पहिलं गाणं. खोलीतली झील वायरीत कुठून येणार?

"आत्या," त्यानं भीत भीत विचारलं, "ती मामांची ओळ… एकदा माईकमधी…"

"झालं की आता. आमेन म्हनलं न्हवं?" लंकाबाई उठली. "लाईट आली असंल तर पंखा लाव. उकडून मेले मी."

अब्राहामनं फोन कानाला लावला. पलीकडे निवेदिता होती. नाक ओढल्याचा आवाज आला.

"मिळालं बाई गाणं," तो म्हणाला. "तुमचे लई उपकार. पन तिनं मागं जे म्हनलं, ते निसटलं."

"निसटलं नाही, सर," ती म्हणाली. "फोन लावला की सुरुवातीला आमची बाई काय सांगते?"

अब्राहामला ते वाक्य आठवायला दोन सेकंद लागली. मग तो इतक्या मोठ्यानं हसला, की लिडिया स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सोमवारी, वरिष्ठांची परवानगी घेऊन, निवेदितानं त्या कॉलची प्रत पाठवली. आवाज टेलिफोनचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण दोन्ही होत्या त्यात, पुढं म्हणणारी आणि मागची झील. अब्राहामनं त्याच दिवशी पुण्याचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. गोरक्षनं विचारलं, की भाऊ, त्याच्यात विशेष काय हाय? "फोन उचलत्यात," अब्राहाम म्हणाला. मिक्सरही त्यानं त्याच आठवड्यात दुरुस्त केला, कारण लिडियानं पुण्याला तक्रार नोंदवायची धमकी दिली होती.

पुढचे दहा दिवस दुकानात मोटारींच्या आवाजात तो कानाला फोन लावून बसलेला दिसायचा. लोकांना वाटलं, कुणाची तरी मोटार ऐकतोय.

गुड फ्रायडेला देऊळ भरलं. दाराजवळच्या बाकाशी लंकाबाई उभी राहिली, आणि तिनं कोल्हारातलं शेवटचं गाणं उचललं. "हळू चाल वाटे, हळू चाल गं…" पहिलं कडवं संपलं. नेहमीसारखी ती गप्प झाली.

तिच्या मागून, खालच्या पट्टीत, बेसूर होण्याची भीती वाटत असलेला एक जाड आवाज आला. "टोक मी धरतो, देवा, टोक मी धरतो."

लंकाबाईनं मागं वळून पाहिलं नाही. फक्त बाकाची कड धरलेला तिचा हात सुटला, आणि दुसरं कडवं तिनं इतकं उंच उचललं, की पाळकसाहेबांनी दचकून वर पाहिलं. आठ वर्षांत असं तिनं कधी म्हटलं नव्हतं.

उपासना संपल्यावर बाहेर कडुलिंबाखाली ती अब्राहामसमोर येऊन उभी राहिली. त्याच्या तारेनं कापलेल्या बोटांवर तिनं हात ठेवला.

"तुझ्या मामाचा सूर तुझ्यापरीस लई चांगला हुता," ती म्हणाली. "पन आज मला जड न्हाई गेलं."